‘जॅकफ्रूट’मधला जॅक कोण?

उन्हाळा उतरणीस लागला, की वाळपईच्या बाजारात फणस दिसू लागतात. कापा कोणता आणि रसाळ कोणता, हे सत्तरीच्या माणसाला शिकवावे लागत नाही. याच फळास इंग्रजीत ‘जॅकफ्रूट’ म्हणतात, हे शाळेतले मूल पाठ करते आणि साहजिकच विचारते, हा जॅक कोण?

या जोडशब्दाचा उत्तरार्ध सरळ आहे. ‘फ्रूट’ म्हणजे फळ. पूर्वार्ध मात्र फसवा आहे. जॅक हे इंग्रजांचे घरोघरचे नाव. तेव्हा एखाद्या साहेबावरूनच फळाला हे नाव पडले असावे, असे वाटते. विल्यम जॅक नावाचा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत होता, आणि हे नाव त्याचेच, असेही सुचविले गेले आहे. परंतु त्याचा जन्म १७९५ सालचा. त्याच्या २३२ वर्षे आधी, १५६३ साली, गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील ग्रंथ गोव्यातच छापला गेला. मलबारात या फळास ‘जाका’ आणि इकडच्या बोलीत ‘पनस’ म्हणतात, अशी नोंद त्यात आढळते. मग साहेबाचा प्रश्नच उरत नाही.

मल्याळम भाषेत फणसाला ‘चक्का’ म्हणतात. १४९८ साली पोर्तुगीज कालिकतला उतरले. पुढे त्यांच्या तोंडी चक्काचा ‘जाका’ झाला. इंग्रजांनी तो उचलला, अखेरचा स्वर गाळला आणि त्याला आपल्या ओळखीच्या ‘जॅक’चे रूप दिले. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशातही ‘जॅक’चे मूळ मल्याळम ‘चक्का’तच दाखविले आहे.

गंमत अशी, की ‘चक्का’ म्हणजेच ते फळ. अर्थ विसरला गेला, म्हणून पुढे ‘फ्रूट’ जोडण्याची गरज भासली. आपणही तेच केले आहे. पोर्तुगीज भाषेत ‘पाव’ म्हणजेच रोटी. तरीही आपण ‘पावरोटी’ म्हणतो!

गोमंतकात मात्र संस्कृत ‘पनस’ टिकून राहिला. मराठीत तो ‘फणस’ झाला, कोकणीत ‘पणस’. परभाषेतला शब्द म्हणजे सारे परक्यांचेच धन, असे मुलांनी मानू नये. त्यात कधी आपल्याच किनाऱ्यावरचा शब्द वेष पालटून बसलेला असतो. फणस फोडण्यापूर्वी हाताला तेल लावावे लागते; शब्द फोडतानाही तशीच थोडी पूर्वतयारी हवी. नाहीतर गरा राहतो बाजूला आणि हाती चिकटतो तो नुसता चीक.