बांधावरची चिंच

बांधाचे भांडण आमच्या जालना जिल्ह्याला नवे नाही. नांगराचे एक तास इकडे सरकले की दोन घरांची बोलचाल वर्षभर बंद होते. त्यात बांधावर झाड असले म्हणजे विचारूच नका. आज आम्ही वाचकांना दुसऱ्या कोणाची नव्हे, आमच्याच घरची हकिगत सांगणार आहोत. ती सांगताना आमची बाजू थोडी उणी पडते, पण त्याला इलाज नाही.

बदनापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. आम्ही नोकरीनिमित्त जालन्यात राहतो. शेत धाकटे बंधू व त्यांची पत्नी पाहतात, माय त्यांच्याजवळ असते. शेताच्या उत्तरेच्या बांधावर जुनी चिंच आहे. ती आमच्या वडिलांनी लावली, दूरच्या विहिरीवरून पाणी आणून जगवली, असे माय सांगते. 2018 साली पाऊस दगा देऊन गेला, कपाशी वाळली. त्या वर्षी माघ-फाल्गुनात या चिंचेनेच घर धरले. मायने आणि भावजयीने दुपारभर बसून चिंच फोडली. फोडलेली चिंच मोंढ्यात गेली, चिंचोके वेगळे विकले. त्या पैशात किराणा झाला आणि पुतणीची कॉलेजची फी भरली. त्यामुळे ती चिंच म्हणजे आमच्या घरातले एक कमावते माणूसच.

बांधापलीकडचे शेत दुसऱ्या समाजाच्या एका गृहस्थांचे. आम्ही त्यांना लहानपणापासून तात्या म्हणतो. आमचे वडील आणि ते एकाच विहिरीवर मोट हाकत नसले तरी एकमेकांचा बैल मागून नेत होते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि झाडाची सावली उत्तरेला पडते. म्हणजे फळ आमचे आणि सावली तात्यांच्या रब्बी ज्वारीवर! झाडाखालची चार-पाच तासे पिवळी पडत. ही गोष्ट आमच्या कधी ध्यानातच आली नव्हती, कारण ज्वारी आमची नव्हती.

2019 च्या दिवाळीनंतर एका सकाळी भावाला चिंचेच्या उत्तरेकडच्या तीन मोठ्या फांद्या तोडलेल्या दिसल्या. बुंध्याशी कुदळीने खणून मुळ्याही तोडल्या होत्या. बंधू काठी घेऊन धावले, तात्यांच्या मुलाने गचांडी धरली. बायका मध्ये पडल्या म्हणून रक्त निघाले नाही. संध्याकाळी फोन आला आणि आम्ही रजा टाकून सकाळच्या एस.टी.ने गाव गाठले.

विहारापुढे पंचवीस-तीस तरुण जमले होते. एकाने म्हटले, "दादा, ॲट्रॉसिटी ठोकू. मग कळंल." आम्ही बंधूंना सर्वांदेखत विचारले, जातीवरून एक तरी शब्द उच्चारला गेला काय? त्यांनी मान खाली घालून नाही म्हटले. मग आम्ही स्पष्ट सांगितले की 1989 चा तो कायदा आपल्या आयाबहिणींची अब्रू आणि आपला जीव राखण्यासाठी मोठ्या लढ्यातून मिळालेला आहे. फांदीच्या भांडणात तो खोटेपणाने वापरला तर उद्या खऱ्या प्रकरणातल्या फिर्यादीकडेही लोक संशयाने पाहतील. काही तरुणांना हे रुचले नाही. एक जण "कारकुनाला कागदच दिसतो" असे म्हणून उठून गेला. म्हणू द्या.

तात्यांकडे आम्ही एकटेच गेलो. त्यांनी खाट पुढे ओढली, पण चहाचे विचारले नाही. म्हणाले, "सायब, तुमी शिकलेले. मंग तुमीच सांगा, सावलीत जवारी येती का? तुमच्या भावाला तीन साल सांगतोय, फांद्या छाटा. आईकतो का?" तीन वर्षे ते सांगत होते हे भावाने आम्हाला कधी कळवले नव्हते.

आता कायद्याचे थोडे, कारण ते पुष्कळांच्या उपयोगी पडेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 25 प्रमाणे खातेदाराच्या जमिनीतले झाड सर्वसाधारणपणे त्याच खातेदाराचे. लावले कोणी, यापेक्षा बुंधा कोणाच्या जमिनीत आहे याला महत्त्व. शेजाऱ्याची फांदी आपल्या हद्दीवर आली तर आपल्या हद्दीपुरती ती छाटता येते. इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने लेमन विरुद्ध वेब या खटल्यात 1894 सालीच हे मान्य केले. मात्र त्यासाठी दुसऱ्याच्या रानात शिरता येत नाही, आणि फांदीचे फळही आपले होत नाही. बुंधाच हद्दीवर असेल तर झाड दोघांचे सामाईक धरतात, मग एकट्याच्या मर्जीने ते तोडता येत नाही. शिवाय चिंच, आंबा, जांभूळ, मोह ही झाडे 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. ती स्वतःच्या मालकीची असली तरी परवानगीशिवाय तोडणे गुन्हा ठरते. हे ऐकल्यावर तात्यांच्या मुलाचा आवाज जरा खाली आला.

पण हद्द कोठे? सातबाऱ्यावर चिंचेची नोंदच नव्हती. माय म्हणे, झाड पुरे आपले. तात्या म्हणत, बांध सरकत सरकत आमच्याकडे आला. तेव्हा भूमि अभिलेख कार्यालयात हद्दकायम मोजणीचा अर्ज दिला, फी आम्हीच भरली. लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या आणि फेब्रुवारी 2020 मध्ये भूकरमापक तिपाईवरचे यंत्र घेऊन आले. निम्मे गाव बांधावर उभे होते. खुणा पडल्या, दोरी ताणली, आणि ती दोरी बुंध्यावरूनच गेली. दोन हिस्से झाड तात्यांच्या हद्दीत, एक हिस्सा आमच्या!

माय खाली बसली. चाळीस वर्षांत आमच्याच नांगराने बांध तिकडे सरकवला होता, की तो आधीपासूनच तसा होता, हे सांगायला वडील हयात नाहीत. बंधू म्हणाले, निमताना मोजणी मागू. तो हक्क कायद्याने आहे, वरचे अधिकारी फेरमोजणी करतात. पण पुन्हा फी, पुन्हा महिने, आणि दोरी चार बोटे सरकली तरी सावली कोठे सरकणार होती?

त्या रात्री आम्हाला रोहिणी नदीची गोष्ट आठवली. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ती सविस्तर दिली आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात सीमेवरच्या नदीच्या पाण्यावरून तंटा झाला. शाक्यांचा संघ युद्धाला निघाला, तेव्हा तरुण सिद्धार्थाने सुचवले की दोन माणसे आपली, दोन त्यांची, आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशांनी निवाडा करावा. संघाने ते ऐकले नाही आणि पुढे सिद्धार्थाला घर सोडावे लागले. आम्ही तीच युक्ती तात्यांपुढे ठेवली, ग्रंथाचे नाव न घेता. ते म्हणाले, "पाचवा कोन?" चौघांनी निवडल्या जिल्हा परिषद शाळेच्या निवृत्त बाई. त्यांच्या हातची छडी बंधूंनीही खाल्ली होती आणि तात्यांच्या मुलानेही.

बाईंनी दोन्ही घरच्या बायकांना बोलावले, हे आम्हाला विशेष वाटले. भांडले पुरुष, पण चिंच फोडतात त्याच. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर पाच गोष्टी लिहिल्या: झाड कोणी तोडायचे नाही, चिंच निम्मी निम्मी, फळ उतरल्यावर दरवर्षी उत्तरेच्या खालच्या फांद्या दोघांनी मिळून छाटायच्या, बुंध्यापासून पाच हात नांगर घालायचा नाही, झाड वादळाने पडले तर लाकूडही निम्मे. मायने अंगठा न देता सही केली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती सही शिकली आहे.

ज्यांच्याकडे अशा बाई नसतील त्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे जावे. 1987 च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. बौद्ध बांधवांना 1990 च्या दुरुस्तीने तो हक्क आहे, जातीचा दाखला सोबत न्यावा. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते.

त्याच मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मोंढा बंद पडला. दोन्ही घरांत निम्मी निम्मी चिंच पडून राहिली. तात्यांची सून फोडायला मायच्या ओसरीवर येऊ लागली, कारण त्यांच्याकडे फोडायची सवय कोणाला नव्हती. माय तिला शिकवते, पण वाटणी करताना पायली मात्र स्वतःचीच वापरते. मोजणीच्या फीचा निम्मा हिस्सा तात्यांकडून अजून यायचा आहे.