नोटबुक तुमच्या स्क्रीनवर, मशीन पुण्यात

औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडियावरचा एपिसोड झाला आणि मेसेज सुरू झाले. त्यातला एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: "दादा, एवढा डेटा सुपरकॉम्प्युटरवर चालवतात म्हणे. मग तिथं ज्युपिटर नोटबुक उघडायचं कसं?" आज तेवढंच बघू.

आधी एक गैरसमज काढू. नोटबुक ब्राउझरमध्ये दिसतं, पण ते तिथं चालत नाही. दिसतो तो नुसता चेहरा. कोड चालवणारा कर्नेल दुसरीकडे असतो. तुमच्या लॅपटॉपवर असेल, गूगलच्या कोलॅबवर असेल, नाहीतर पुण्यात आयसरच्या परम ब्रह्मवर. म्हणजे खरा प्रश्न असा, की कर्नेल कुठं सुरू करायचा?

सुपरकॉम्प्युटरवर लॉगिन केलं की तुम्ही पोचता लॉगिन नोडवर. ही झाली ओसरी. इथं सगळ्यांची ये-जा असते, फाइली ठेवायच्या, जॉब टाकायचा, बस. इथंच जड नोटबुक चालू केलं तर सगळ्यांचं काम रखडतं आणि अ‍ॅडमिन ते बंद करतो (बरोबरच करतो!). खरं काम होतं कम्प्युट नोडवर, आणि तिथं नंबर लावावा लागतो.

नंबर लावणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्लर्म. परम मशीनवर हेच असतं. आपल्याकडं सिद्धेश्वर धरणाचं पाणी कालव्याला सुटलं की पाटकरी पाळ्या ठरवतो ना, तसा हा पाटकरी. किती कोअर, किती मेमरी, किती तास ते आधी सांगायचं. वेळ संपली की सेशन बंद, सेल अर्धवट असला तरी. गंमत म्हणजे कमी वेळ मागितला तर नंबर बऱ्याचदा लवकर लागतो, कारण मोठ्या जॉबमधल्या फटीत छोटा जॉब बसतो. म्हणून सरसकट चोवीस तास मागू नका.

आता उघडायचं कसं? तुमच्या केंद्रात ज्युपिटरहब असेल तर सोपं आहे. वेबपेजवर लॉगिन करा, कोअर आणि वेळ निवडा, बाकी जॉब तोच टाकतो. हब नसेल तर जॉब स्क्रिप्टमधून कम्प्युट नोडवर नोटबुक सर्व्हर सुरू करायचा, ब्राउझर न उघडता. लॉग फाइलमध्ये नोडचं नाव, पोर्ट नंबर आणि टोकन मिळतं. मग स्वतःच्या मशीनवरून एसएसएचचा बोगदा काढायचा: आपलं ८८८८ पोर्ट, लॉगिन नोडमार्गे, त्या नोडच्या पोर्टला जोडायचं. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ८८८८ टाकलं, टोकन दिलं की नोटबुक हजर. लॅपटॉप नसेल तर हाच बोगदा अँड्रॉइडवर टर्मक्समधूनही निघतो. टायपिंगचा त्रास होतो, पण निघतो. टोकन मात्र ग्रुपवर टाकू नका. ज्याच्याकडं टोकन, तो तुमच्या अकाउंटमध्ये.

आणि लाइट गेली तर? सेनगाव-कळमनुरीच्या पोरांचा हा खरा प्रश्न. बोगदा तुटतो, कर्नेल नाही. जॉब स्लर्मकडं बॅच म्हणून टाकला असेल तर तो वेळ संपेपर्यंत तिकडं चालूच राहतो. रेंज आली की बोगदा परत काढा. पण मधल्या काळात स्क्रीनवर छापलं गेलेलं हरवू शकतं, म्हणून निकाल फाइलमध्ये लिहीत चला. टर्मिनलमध्ये हातानं सुरू केलेला सर्व्हर मात्र कनेक्शनबरोबर मरतो. तिथं टीमक्स वापरा.

अकाउंट साधारणपणे संस्थेमार्फत, प्राध्यापकांच्या प्रोजेक्टवर मिळतं. तोवर ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटरवरून १४ सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या लहरीचा डेटा घ्या. ३२ सेकंद, सेकंदाला ४,०९६ नोंदी, म्हणजे १,३१,०७२ आकडे. याला सुपरकॉम्प्युटर लागत नाही, कोलॅब पुरतं. ३५ ते ३५० हर्ट्झचा फिल्टर लावा आणि ती लहर स्वतः शोधा. अडकलात तर कोणत्या सेलवर अडकलात तेवढं लिहून पाठवा.