पाणी न पिणारी मुलगी

धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर आम्ही अकरा जण दीक्षाभूमीवरून सायकलने निघालो. 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली, तिथपर्यंत जायचं होतं. सरळ रस्ता सोडून वैनगंगेच्या बाजूने, भंडारा-पवनी-ब्रह्मपुरी करत जायचं आणि वस्त्यावस्त्यांत मुक्काम करून आरोग्यावर बोलायचं, असं ठरलं. सगळा प्रवास सांगत बसत नाही. दुसऱ्या दिवसाचंच सांगते, कारण त्या दिवशी चूक माझी झाली.

भंडाऱ्याहून पवनी जवळपास 50 किलोमीटर. सकाळी सहाला निघालो तेव्हा हवा गार होती. दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, हलकं धान पिवळं पडलेलं, मधेमधे बोड्या आणि तलाव. या मुलखात पाण्याची वाण नाही, पण प्यायचं कुठलं हा प्रश्न आहेच. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळतं, तेच पुढे गोसीखुर्दच्या धरणात साचतं. म्हणून नदीचं पाणी प्यायचं नाही, बोरिंगचं घेतलं तरी क्लोरीनची गोळी टाकायची, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. पाणी कसलं प्यावं हे सांगितलं. कोण पीतच नाही, हे पाहिलं नाही.

दहा वाजता ऑक्टोबरचं ऊन चढलं. अड्याळच्या अलीकडे आमच्यातली एकोणीस वर्षांची मुलगी मागे पडायला लागली. मग सायकल आडवी टाकून बांधावर बसली. "ताई, पाय लय दुखून राहिले. कंबर बी." पोरांना वाटलं, सायकलची सवय नाही, पेटके आले. एक जण धावत जाऊन ढाब्यावरून बर्फ घेऊन आला. मी तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढली. आत फिक्कट, आणि पांढरा भाग पिवळसर. बर्फ बाजूला ठेवायला सांगितलं.

बाटली पाहिली तर सकाळपासून भरलेलीच. का गं, म्हटलं. रस्त्याला बायकांसाठी कुठे आडोसा नाही, लघवीला जावं लागू नये म्हणून ती घोटभरही प्यायली नव्हती. आणि कानाशी येऊन म्हणाली, "मले सिकलसेल आहे. कार्ड घरी आहे. आई म्हणे कोणाले सांगू नको, लग्न जुळत नाही."

सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. अंगात पाणी कमी झालं, फार थंडी किंवा गार पाणी लागलं, ताप आला, अतिश्रम झाले की वाकणं वाढतं आणि हाडं ठणकतात. तिच्या बाबतीत ऊन, श्रम आणि तहान तिन्ही एकत्र आली. अशा दुखण्यावर बर्फ लावायचा नसतो, शेक द्यायचा. स्वच्छ लिटरभर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट घालून थोडं थोडं पाजायचं. पाकीट नसेल तर सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आम्ही तेच केलं, सावलीत झोपवलं, चादर घातली, आणि मिळालेल्या पहिल्या गाडीने तिला पवनीला सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन आणि दुखण्याचं इंजेक्शन मिळालं. संध्याकाळी ती बोलायला लागली. ताप, छातीत दुखणं, धाप, अंगाच्या एका बाजूला अशक्तपणा किंवा लहान मुलाच्या डाव्या बरगडीखाली फुगलेलं पोट दिसलं तर घरी एक तासही थांबू नका.

पवनीच्या टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात निघालेला प्राचीन स्तूप पाहायचा, म्हणून मी वर्षभर ठरवून होते. बाकीचे पाहून आले. मी खाटेजवळ बसले होते.

बसल्या बसल्या तिच्या आईचा विचार करत होते. तिला मी दोष देत नाही. हा आजार विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासींत बराच आहे. धानाच्या पट्ट्यात, तलावांच्या काठी मलेरिया जुना. ज्याच्या अंगात सिकलचा एकच अंश असतो, त्याला मलेरियाचा जोर कमी लागतो, म्हणून हा अंश पिढ्यान् पिढ्या टिकला. त्यात कुणाचं पाप नाही, कुणाची करणी नाही. एक अंश असलेला माणूस वाहक, बहुधा ठणठणीत असतो, पण कष्टाच्या कामात त्यानेही पाणी सोडू नये. नवराबायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता 25 टक्के. एकच जण वाहक असेल तर मूल वाहक होऊ शकतं, पण आजारी होत नाही. म्हणजे लपवून लग्न लावण्यात धोका आहे. विचारून, दोन्हीकडचे कार्ड समोर ठेवून लावण्यात नाही. पत्रिका आपण सोडल्या, त्या जागी कार्ड ठेवायला काय हरकत?

तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. आधी बोटातल्या थेंबाची, ती सिकल दाखवली तर दुसरी पक्की तपासणी. 1 जुलै 2023 पासून केंद्राची सिकलसेल मोहीम सुरू आहे आणि 40 वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी त्यात धरली आहे. आजारी माणसाला फॉलिक ॲसिडची गोळी रोज, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर हायड्रॉक्सियुरिया. 2016 च्या कायद्यात सिकलसेल अपंगत्वात धरला आहे, त्याचा दाखला काढता येतो.

दुसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवून दिलं, सोबत तिचा भाऊ. तो म्हणाला, "माझी तर तपासणीच नाही झाली, ताई." पुढच्या गावापासून मी सायकलवर चढण्याआधी प्रत्येकाला कार्ड विचारायला लागले, आणि मुलींना कुठल्या घरात जाता येईल तेही आधी फोन करून ठरवायला लागले.