मुंबईची दुमजली बस

जुन्या वस्तूंविषयीचा जिव्हाळा हा पुष्कळदा स्वतःच्या गतायुष्याविषयीचाच जिव्हाळा असतो, हे आम्ही जाणतो. तरीही १५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टची जुन्या धाटणीची, डिझेलवर चालणारी शेवटची लाल दुमजली बस सजून अखेरच्या फेरीस निघाली, तेव्हाची हुरहूर निव्वळ भाबडी नव्हती.

मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. पुढे गर्दी वाढली, रस्ते मात्र तेवढेच राहिले. म्हणून १९३७ साली दुमजली बस आली. रस्त्यावरची जागा एका गाडीची, उतारू कितीतरी अधिक, असा हा सोयीचा हिशेब! परंतु दोन मजल्यांना दोन कंडक्टर लागत. घंटेचे दोन ठोके पडले की गाडी सुटे, एका ठोक्याला थांबे. हा दुहेरी खर्च आणि गाड्यांचे सरलेले आयुष्य यांमुळे त्या एकेक करून मोडीत निघाल्या.

त्यांचे खरे वैभव वरच्या मजल्यावरील पुढच्या खिडकीत होते. तेथे बसायला जादा पैसे पडत नसत. गिरणीकामगाराचा मुलगाही साध्या तिकिटात झाडांचे शेंडे, चाळींच्या गॅलऱ्या आणि आपले शहर उंचावरून पाही.

फेब्रुवारी २०२३ पासून विजेवरील वातानुकूलित दुमजली गाड्या आल्या. त्यांत धूर नाही, उकाडाही नाही. बंद काचांमुळे वारा मात्र बाहेरच राहिला. त्याची तक्रार आम्ही करीत नाही. जपायचा तो जुना सांगाडा नव्हे. गरिबाच्या तिकिटातला वरचा मजला जपायचा आहे.