बुटक्यांच्या राज्यांतील सुधारक

हिमगौरीच्या गोष्टींतील सात बुटके आमच्या वाचकांच्या घरोघरीं परिचयाचे आहेत. दिवसभर खाणींत खपावें व सायंकाळीं घरीं परतावें, यापलीकडे त्यांच्या आयुष्याची चौकशी कोणी करीत नाहीं. त्यांचा धर्म काय, ग्रंथ कोणता, त्यांच्या बायका कोठें आहेत? हे प्रश्न इंग्रज कादंबरीकार सर टेरी प्रॅचेट (१९४८–२०१५) यांनीं मनावर घेतले. १९८३ पासून 'डिस्कवर्ल्ड' या काल्पनिक जगावर त्यांनीं ४१ कादंबऱ्या लिहिल्या. त्या विनोदी खऱ्या. पण त्यांतील बुटक्यांचा सुधारक पंथ थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं.

या बुटक्यांत स्त्रीपुरुषांचा पोशाख एक, दाढी दोघांसहि, आणि बोलण्यांत सर्वांस 'तो' हें एकच सर्वनाम. समोरची व्यक्ति स्त्री कीं पुरुष, हें विवाहेच्छूनें हळूहळू व अत्यंत संकोचानें ताडावयाचें! 'फीट ऑफ क्ले' (१९९६) मध्यें आंख-मॉरपॉर्क शहराच्या पोलिसांत चीरी लिटलबॉटम नांवाची रसायनतज्ज्ञ दाखल होते. ती कानांत डूल घालते, पुढें घागराहि नेसते. दाढी व लोखंडी शिरस्त्राण मात्र सोडीत नाहीं. बुटकेपण टाकावें असें तिच्या मनांतहि येत नाहीं. बुटक्यांत राहूनच तिला स्त्री म्हणवून घ्यावयाचें आहे. सुधारकांचें सारें तत्त्वज्ञान आम्हांस या दाढींत दिसतें.

विरुद्ध बाजूस ग्रॅग, म्हणजे बुटक्यांचे शास्त्री. त्यांतील कडवे खोल भूगर्भांत राहतात. वर येणें भागच पडलें तर सूर्य दृष्टीस पडूं नये म्हणून नखशिखांत कातड्याच्या आवरणांत वावरतात. हें जग टाक नामक आदिकर्त्यानें लिहिलें अशी बुटक्यांची श्रद्धा. म्हणून लिहिलेला शब्द नष्ट करण्यासारखें पातक नाहीं. टाकनें प्रथम स्वतःस लिहिलें, मग नियम, मग जग. पुढें एका पाषाणाच्या अंड्यांतून दोन भाऊ निघाले. उजेडाकडे गेला तो मनुष्य, अंधाराकडे गेला तो बुटका. त्याच फुटक्या अंड्यापासून ट्रोल, म्हणजे दगडी देहाचा अवाढव्य प्राणी, झाला. ग्रॅगांच्या पोथींत हा ट्रोल आत्माहीन व सर्वांस नकोसा आहे. पण 'थड!' (२००५) मध्यें असें दिसून येतें कीं, तो परिच्छेद मागाहून घुसडलेला आहे! दुसऱ्या पाठाप्रमाणें दगडाची सजीव होण्याची धडपड पाहून टाक प्रसन्न झाला, व दगडानें केलेल्या सेवेचें फळ म्हणून त्यानें त्याचा ट्रोल घडविला. चार ओळींच्या प्रक्षेपानें शेजाऱ्याचा वैरी होतो तो असा.

कूम दरींतील जुन्या लढाईंत दबा दुसऱ्यानेंच धरला होता, असें दोन्ही जाती पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. मग त्या काळचा आवाज सांठविलेला एक घन सांपडतो. दोन्ही पक्ष तेथें तहासाठीं जमले होते, अशी साक्ष त्यांतून खुद्द बुटक्यांच्या राजाच्या वाणींत निघते. आणि शब्द नष्ट करणें महापाप मानणारे ग्रॅगच तो आवाज दडपूं पाहतात! बॅशफुल बॅशफुल्सन हा उघड्या तोंडानें हिंडणारा ग्रॅग सुधारक पक्षाचा. बुटका होण्यास डोंगराखालींच राहिलें पाहिजे, हें त्यास मान्य नाहीं. टाकच्या आराधनेपेक्षां बुद्धि चालविणें त्यास अधिक प्रिय होईल, ही या पक्षाची धारणा. प्रतिपक्षाचीच पोथी उघडून त्याच्याशीं वाद घालणारा सुधारक आम्हांस नेहमींच अधिक बळकट वाटत आला आहे.

'द फिफ्थ एलिफंट' (१९९९) मध्यें वाद पोथीवरून वस्तूवर येतो. बुटक्यांचा राजा 'स्कोन' नांवाच्या दगडासारख्या पावावर बसून अभिषिक्त होतो. (स्कॉटलंडांतील राज्याभिषेकाच्या शिलेची ही थट्टा.) तो पाव नाहींसा होतो, व अखेर त्याच्या जागीं नवा येतो. हें लबाडीचें नव्हे काय? राजा ऱ्हिस ऱ्हिसन याचें उत्तर असें कीं, घराण्याच्या कुऱ्हाडीचें पातें बदललें, पुढें दांडाहि बदलला, तरी ती कुऱ्हाड घराण्याचीच. पाव पूर्वींहि बदलला गेलाच होता. पाव नाहींसा करण्याच्या कारस्थानांत ज्या अधिकाऱ्याचें अंग असतें तो डी हा स्वतःच जन्मभर लपून राहिलेली स्त्री निघतो. आपणांस जें कधीं मिळालें नाहीं तें शहरांतील पोरींनीं राजरोस मिरवावें, हें तिला सहन होत नाहीं. सासुरवासाच्या कथा ज्यांनीं ऐकल्या आहेत, त्या आमच्या वाचकभगिनींस याहून अधिक सांगावयास नको.

'रेझिंग स्टीम' (२०१३) मात्र आम्हांस तितकें रुचलें नाहीं. आगगाडीच्या कौतुकांत तत्त्वचर्चा मागें पडते, आणि 'थड!' मध्यें निदान पोथी पुढें करणारे ग्रॅग येथें नुसती जाळपोळ करतात. तरीहि बळकावलेलें सिंहासन परत घेण्यासाठीं ऱ्हिसन त्याच आगगाडींतून राजधानीस येतो, आणि भरसभेंत जाहीर करतो कीं, आपण राजा नसून राणी आहों.