पडलेल्या लॅपटॉपची नाडीपरीक्षा

‘आई, मी नाही पाडला, तो आपोआप पडला!’ तिसरीतल्या चिरंजीवांचं हे वाक्य कानावर आलं आणि हातातली पोळी तव्यावरच राहिली. चार्जरच्या वायरीत पाय अडकला होता आणि लॅपटॉप टेबलावरून थेट फरशीवर! उचलून पाहिला तर कोपऱ्याला एक पोचा, बाकी ठीक. चालूही झाला. मी देवाला हात जोडले. पण पंधरा मिनिटांनी पडदा एकदम काळा. झाकण जरा हलवलं, पुन्हा लागला. मग लुकलुकायला लागला. मग परत काळा.

तारीख होती सतरा. शिरवण्यात घरी बसून मी एमआयडीसीतल्या दोन लहान वर्कशॉपचे हिशेब बघते. जीएसटीचं रिटर्न वीस तारखेपर्यंत भरायचं असतं. चुकलं तर लेट फी त्यांना आणि बोलणी मला! वर्षभराची बिलं त्या डब्यात अडकलेली. पोटात गोळाच आला.

संध्याकाळी एका दुकानात गेले. तिथे काउंटरवर ठेवला तर पडदा अगदी शहाण्यासारखा लखलखीत! डॉक्टरांच्या दारात गेल्यावर पोराचा ताप उतरावा, तसं. दुकानदाराने उघडूनही न बघता सांगितलं, ‘मॅडम, स्क्रीनच बदलावी लागेल.’ आकडा ऐकून मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आले.

सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या. त्या म्हणाल्या, ‘अगं, आपल्या जुन्या इस्त्रीचं असंच नव्हतं का? वायर एका बाजूला धरली की तापायची, सोडली की बंद. तेव्हा आपण काय इस्त्री बदलली होती?’ कॉम्प्युटरचा गंध नसलेल्या बाईने नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलं होतं!

मैत्रिणींनो, येणारा-जाणारा बिघाड म्हणजे बऱ्याचदा ‘लूज कॉन्टॅक्ट’. लॅपटॉपच्या खालच्या भागातल्या मदरबोर्डवरून पडद्याकडे एक पातळ केबल जाते, ती बिजागरीजवळून. झाकण उघडताना-मिटताना ती रोज वाकत असते. लॅपटॉप पडला की हिसका बसून तिचं टोक खोबणीतून थोडं सरकतं किंवा आतली एखादी तार तुटते. अर्धवट लागलेलं टोक मग मनात आलं की चालतं, नाही तर नाही. पण खात्री कशी करायची? त्याच्या साध्या तपासण्या घरीच करता येतात, स्क्रूड्रायव्हरला हातही न लावता.

पण त्याआधी दोन गोष्टी. पहिली, बॅटरी. लॅपटॉपचं खालचं झाकण किंवा टचपॅड फुगल्यासारखं दिसलं, तर तो ताबडतोब बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि दाबूनही पाहू नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. दुसरी, आपली फाइल. पडदा दिसतोय तोवर महत्त्वाचं सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असते. पडल्यावर तिच्यातून टक् टक् आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह टाळा.

आता तपासणी. घरच्या टीव्हीला एचडीएमआय केबलने लॅपटॉप जोडा. पडदा दिसत असतानाच कीबोर्डवरची विंडोजची कळ आणि ‘पी’ एकदम दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. लॅपटॉपचा पडदा काळा झाला तरी टीव्हीवर चित्र स्वच्छ राहिलं, तर चित्र तयार करणारा भाग बहुधा धडधाकट आहे. दोष पडद्यात, केबलमध्ये किंवा त्यांच्या जोडणीत. टीव्हीवरही चित्र थरथरलं, तर दुखणं मदरबोर्ड, रॅम किंवा सॉफ्टवेअरकडे आहे. माझ्या टीव्हीवर बिलं झकास दिसत होती. निम्मा जीव तिथेच भांड्यात पडला. त्या रात्री मालिकेला सुट्टी देऊन टीव्हीवरच मी रिटर्नची निम्मी तयारी उरकली.

दुसरी तपासणी टॉर्चची. पडदा काळा झाला की खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. चित्र अंधुक दिसलं, तर पडदा चित्र दाखवतोय, फक्त त्यामागचा उजेड गेलाय.

तिसरी बिजागरीची. झाकण अगदी हळूहळू मागेपुढे करा. ठरावीक कोनातच चित्र जात असेल तर केबलवर संशय घ्यायला जागा आहे. माझ्याकडे पडदा सरळ उभा केला की जायचा, थोडा मागे कलला की यायचा. दर वेळी तसंच.

चौथी, चालू करताना कंपनीचं नाव दिसतं त्या क्षणाकडे लक्ष द्या. तेव्हाच लुकलुकत असेल तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही, कारण ते अजून सुरूच झालेलं नसतं. आणि पडद्यावर शाईचा डाग पसरल्यासारखं दिसत असेल किंवा काच तडकली असेल, तर मात्र पडदा बदलण्याला पर्याय नाही.

हे सगळं मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. किती वाजता गेला, चार्जर लावला होता का, झाकण कसं होतं. पडदा जातानाचा मोबाइलवर व्हिडिओही काढला. दुकानात पडदा शहाणा झाला तरी पुरावा आपल्या हातात हवा!

दुसऱ्या दिवशी गावातल्या गल्लीत, एका जिन्याखालच्या टपरीवजा दुकानात गेले. तिथल्या मुलाने व्हिडिओ पाहिला, वहीचं पान वाचलं आणि हसून म्हणाला, ‘ताई, माझं अर्धं काम तुम्हीच केलंय. लोक नुसतं ‘बंद पडलाय’ एवढंच सांगतात.’ माझ्यासमोर त्याने लॅपटॉप उघडला. आधी बॅटरीची जोडणी काढली. केबल चटकन बसवताना शॉर्ट झाला तर चांगला बोर्ड जातो, म्हणाला. केबलचं टोक एका बाजूने खरंच वर आलेलं. शिवाय बिजागरीचा एक स्क्रू तुटून केबलवर ताण येत होता. नुसतं टोक बसवलं असतं तर महिन्याभरात तेच रडगाणं! दोन्ही केलं आणि घेतली फक्त मजुरी. वीस तारखेला दुपारी दोन्ही रिटर्न भरून झाले.

स्क्रीनच बदलली असती तर? कदाचित तीही चालली असती, कारण बदलताना केबलचं टोक पुन्हा नीट बसलंच असतं. आणि मी मात्र चांगला पडदा भंगारात घालून आले असते, वर समाधानाने!

पडल्यामुळे झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. पण वॉरंटी चालू असेल तर बाहेर उघडण्याआधी कंपनीला विचारा. दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही सुरू केलं. एखादा भाग खरंच बदलला, तर जुना मागून घ्या आणि तो ई-कचऱ्यातच द्या, ओल्या-सुक्याच्या डब्यात नको.

मिक्सर बंद पडला तर आपण आधी प्लग बघतो, मग फ्यूज, मग भांडं नीट बसलंय का ते. तोच शहाणपणा इथेही चालतो, फक्त ‘यातलं आपल्याला काय कळतं’ हे वाक्य गिळायचं.

चिरंजीवांना शिक्षा? चार्जरची वायर आता टेबलाच्या मागच्या बाजूने जाते, आणि ती चिकटपट्टीने बसवायचं काम त्यांच्याकडूनच करून घेतलंय!