वीज गेली, फोनही गेला

गेल्या आषाढातील गोष्ट. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या वाड्यात रात्री वीज गेली आणि थोड्याच वेळात थोरल्या काकूंना दम्याने घेरले. त्यांनी सवयीने उशाजवळचा फोन उचलला, तो अगदी मुका. आम्ही माडीवर निजलेलो. अखेर काठीने पितळेचा तांब्या वाजवून त्यांनी आम्हांस उठविले. पहाटे आराम पडल्यावर त्यांनी विचारले, “अरे, पूर्वी वीज काय कमी जात होती? तेव्हा फोन कधी बंद पडला होता का रे?”

काकूंचे म्हणणे खरे होते. जुन्या फोनला लागणारी वीज तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधूनच येत असे. तेथे ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या असत. आता घरात येतो तो काचेचा तंतू. त्याचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. त्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. त्या प्रकाशाचे संदेशांत रूपांतर करणारी पेटी भिंतीवर असते, आणि फोनही तिलाच जोडलेला असतो. तिला गेटवे म्हणतात. आपण वेस म्हणू. रस्त्यात तंतूच्या ज्या शाखा फुटतात, त्या दुभाजकांना वीज लागतच नाही. म्हणजे बाहेर सारे ठीक असले तरी आपल्या वेशीवरचा पहारेकरी उपाशी! पेटी बसविणाऱ्याने हे सांगितले नाही, आणि आम्ही, जन्मभर मुलांना प्रश्न विचारणारे, एकही प्रश्न विचारला नाही.

या पेटीस बहुधा १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो. तो देणारा अडॅप्टर हरवला म्हणून घरातला दुसरा कोणताही खुपसू नये. व्होल्ट पेटीवर लिहिले असतील तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा अधिक चालतील. पिनेच्या मध्यावर धन की ऋण, हेही छापील खुणेवरून ताडून पाहावे. तंतूला तीव्र बाक देऊ नये, खिळ्याला तर मुळीच गुंडाळू नये. त्याच्या उघड्या टोकात डोकावणेही धोक्याचे, कारण तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

आमच्याकडे वायफायचा राउटर वेगळा आहे. पेटीतून निघालेली केबल त्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या खोबणीत बसवायची. आमच्या चिरंजीवांनी ती शेजारच्या ‘लॅन’मध्ये घालून एक रविवार वाया घालविला. आधी पेटी सुरू करावी, ‘पॉन’चा दिवा स्थिर झाला की मग राउटर. ‘लॉस’चा तांबडा दिवा लागला तर प्रकाशच पोचत नाही असे समजावे, तंतू कोठे दुमडला आहे का ते पाहावे आणि तक्रार नोंदवावी. बटणे दाबून उपयोग नाही.

वीज गेल्यावरचा उपाय म्हणजे १२ व्होल्टचा छोटा यूपीएस. १२ व्होल्ट, १ अँपिअर म्हणजे फार तर १२ वॅट. ४० वॅट-तासांच्या बॅटरीवर पेटी तीन तास तरी चालावी. राउटरही त्याच बॅटरीवर ठेवला तर अवधी तितका घटतो. आम्ही केवळ पेटी जोडली, कारण काकूंचा फोन तीवर आहे.

जोडणी झाल्यावर काकूंनी स्वतः मुख्य बटण बंद करावयास लावले, रिसीव्हर कानाशी धरला आणि सूर ऐकून मान डोलावली. तांब्या मात्र अजून उशाशीच आहे.